नववीचा भूगोल, मोजपट्टी घेऊन : इंदूरच्या प्रकल्पाच्या नोंदी

२८ जून

नववीसाठी पाच पाठ बसवायचे आहेत : पाऊस, जलविभाजक (दोन नद्यांची खोरी वेगळी करणारी रेषा), काळी माती, सावलीवरून अक्षांश-रेखांश आणि मंडीत येणारा माल. नोंदी मराठीत ठेवतो आहोत. मुलांच्या हातात जाणाऱ्या कार्यपत्रिका मात्र हिंदीत, कारण वर्ग हिंदी माध्यमाचा आहे.

कसोटी एकच ठरवली. प्रत्येक पाठात मुलांच्या हातून एक आकडा निघाला पाहिजे आणि तो छापील आकड्याशी ताडून पाहता आला पाहिजे. दोन्हींत फरक पडणारच. तो किती पडला आणि कशामुळे पडला, हे सांगायला मुलं तोंड उघडतात तिथे पाठ खरा सुरू होतो. चित्रफीत दाखवली की वर्ग शांत बसतो, पण त्या शांततेतून मुलांना काय कळलं ते समजत नाही. म्हणून या पाचांत एकही चित्रफीत नाही.

मर्यादा लिहून ठेवतो. तास ४० मिनिटांचा. वर्गात पन्नासच्या आत-बाहेर मुलं, म्हणजे सहा-सहांचे आठ गट. साहित्य हार्डवेअरच्या दुकानात, स्टेशनरीत किंवा भंगारात मिळणारं. नववीला त्रिकोणमिती नाही, ती दहावीत येते. त्यामुळे कोन काढायचा तो प्रमाणबद्ध आकृती काढून, कोनमापकाने.

५ जुलै

शून्य सावलीचा (सूर्य थेट डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, त्याचा) प्रयोग पाठात घ्यायचा की नाही, यावर निर्णय : घ्यायचा नाही. इंदूरचं अक्षांश २२°४३′ उत्तर. सूर्य बरोबर इतका उत्तरेला वर्षातून दोनदा येतो, साधारण ७ जूनला आणि ६ जुलैला. पहिल्या वेळी शाळा उन्हाळी सुट्टीत, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेलं. ज्या पाठाला हवामानाची परवानगी लागते तो वेळापत्रकात बसत नाही.

तरी मुलांना तारीख सांगून ठेवायची. आभाळ उघडं असेल तर दुपारी १२.३० च्या सुमारास घराच्या गच्चीवर सरळ उभा स्टीलचा पेला ठेवून सावली बघा, एवढंच. त्याला जोडून एक प्रश्न फळ्यावर कायमचा लिहिला आहे : सूर्य डोक्यावर येतो तो इंदूरला वर्षातून दोनदा, उज्जैनच्या उत्तरेला महिदपूरजवळच्या डोंगल्यात एकदाच आणि ग्वाल्हेरला कधीच नाही, असं का? उत्तर आज नको. सप्टेंबर आणि डिसेंबरच्या मोजमापानंतर मुलं स्वतः देतील. (कर्कवृत्त २३°२६′ वर आहे आणि ते डोंगल्याजवळून जातं. ग्वाल्हेर २६° च्या पलीकडे.)

१२ जुलै

पर्जन्यमापक. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. बिघडतं ते तळाशी. शीतपेयाच्या बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा असतो, म्हणून खालचे मिलिमीटर पट्टीने मोजले की चुकतात. उपाय दोन. तळात खडे घालून सपाट रेषेपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्य धरायचं. किंवा पट्टी सोडूनच द्यायची आणि पाणी सिरिंजने मोजायचं. आम्ही सिरिंज घेतली. तोंडाचा व्यास १० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पावसाला ७.८५ मिली पाणी. याच भागाकारातून मुलांना उमगतं की पावसाचे मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पसरलेल्या पाण्याची जाडी.

जागा : जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडून. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर, नाहीतर फरशीवरून उडालेले शिंतोडे आत जातात. वाचन सकाळी ८.३० ला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस ८.३० ते ८.३० असतो. शाळा भरल्यावर १० ला वाचलं तर आपला आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशी जुळणार नाही आणि मुलं उगाच यंत्राला दोष देतील. रविवारचं वाचन शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे.

२० जुलै

जलविभाजकाचा पाठ. पाचांतला हाच सर्वांत कसदार. कारण इंदूर बसलं आहे माळव्याच्या पठारावर, विंध्याच्या कडेच्या अगदी जवळ. कृष्णपुरा छत्र्यांजवळून वाहणारी कान्ह नदी उत्तरेला जाऊन उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला, म्हणजे आपलं सांडपाणी बंगालच्या उपसागराकडे निघतं. आणि नळाला येतं ते नर्मदेचं पाणी, जे एरवी खंबातच्या आखातात, अरबी समुद्रात गेलं असतं. एका शहराच्या नळात एक खोरं आणि मोरीत दुसरं. जलप्रणालीच्या धड्याला याहून चांगली सुरुवात देशात फार थोड्या शाळांना मिळेल.

त्यासाठी पुठ्ठ्याचा थरांचा नमुना. सर्व्हे ऑफ इंडियाच्या खुल्या मालिकेतली १:५०,००० ची चार टोपोशीट (जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे) जोडायची : उत्तर-दक्षिण २२°१५′ ते २२°४५′, पूर्व-पश्चिम ७५°३०′ ते ७६°००′. झेरॉक्सवर ५० टक्के लहान केली की प्रमाण १:१,००,००० होतं, म्हणजे १ सेंमीला १ किमी. नमुना साधारण ५५ बाय ५१ सेंमीचा. इंदूर वरच्या काठाला येतं. महू, जानापावचा डोंगर आणि चोरल नदीचं खोरं चौकटीत बसतं. नर्मदा मात्र बहुतेक खालच्या काठाबाहेर राहते. म्हणून तळाची फळी दक्षिणेला १० सेंमी जास्त घेऊन तिथे निळ्या रंगाने नदी दाखवायची. ती दिसली नाही तर दक्षिणेला उतरणारं पाणी कुठे जातं हा प्रश्न मुलांना पडतच नाही.

टोपोशीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने आहेत. आम्ही एकाआड एक घेतली, ४० मीटरची. खोक्याचा तीन पदरी पुठ्ठा ३ मिमी जाड असतो. तळ दीडशे मीटरच्या आसपास, जानापावचा माथा साडेआठशेच्या आसपास, म्हणजे १८ थर आणि एकूण उंची ५.४ सेंमी. उंचीचं प्रमाण आडव्या प्रमाणाच्या साडेसात पट झालं. हा आकडा नमुन्यावर चिकटवायचाच, नाहीतर मुलं विंध्याला हिमालय समजतात.

२ ऑगस्ट

थर कापण्याचं काम दोन गटांकडे दिलं. शिकायला मिळालं ते इथे :

कार्बन पेपरने प्रत्येक थरावर दोन रेषा उतरवायच्या. स्वतःची रेषा कापायला आणि वरच्या थराची तुटक रेषा चिकटवताना जुळवायला. तुटक रेषा नसली की वरचा थर ३-४ मिमी सरकतो आणि वरवर जाताना ती चूक वाढत जाते. अठराव्या थराला जानापाव भलत्याच ठिकाणी उभा राहतो.

विंध्याच्या कड्यावर रेषा एकमेकींना खेटून येतात. दोन रेषांत २ मिमीपेक्षा कमी अंतर असेल तिथे पुठ्ठा फाटतो, कटर कितीही धारदार असो. अशा ठिकाणी दोन थर आधी चिकटवून एकत्र कापायचे. मुलांना सांगायचं की ज्या जागी कटर अडला तीच जागा घाटाची आहे. नकाशावर दाट रेषा म्हणजे तीव्र उतार, हे वाक्य फळ्यावर लिहायची मग गरज उरत नाही.

फेविकॉल जाड लावला की पुठ्ठा ओल धरून वाकतो. पातळ हात, वर जुन्या रजिस्टरांचं वजन, रात्रभर. शिवाय एका थराच्या पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या आणि पुढच्याच्या आडव्या ठेवल्या की वाकणं जवळजवळ थांबतं.

पायऱ्या बुजवायला भिंतीची पांढरी पुट्टी. प्लास्टर ऑफ पॅरिस दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं आणि मुलांचा हात तेवढा चालत नाही. पुट्टीला वेळ मिळतो आणि सुकल्यावर पॉलिश पेपरने घासताही येते. अडीच किलो पुरली. मात्र श्रावणातल्या हवेत ती एका दिवसात सुकत नाही. वरून कोरडी दिसते, आतून ओली असते आणि त्यावर ऑइल पेंट चढवला की फुगे येतात. पंख्याखाली तीन दिवस ठेवूनच रंगाचे दोन हात द्यायचे. पाणी ओतायचं असल्यामुळे कडा आणि तळही रंगवायचा. बहुतेक नमुने तळातून पाणी पिऊन मरतात.

११ ऑगस्ट

पाण्याची चाचणी. निळी शाई घातलेलं पाणी, स्प्रेची बाटली. दक्षिणेच्या कड्यावर पाणी झकास उतरतं, चोरलच्या घळीत जमतं. पठारावर मात्र थेंब जागच्या जागी बसून राहतात. कारण सरळ आहे : उत्तरेकडच्या २५ सेंमीमध्ये जेमतेम एक थर उतरतो, ३ मिमी. एवढ्या उतारावर पाण्याचा पृष्ठताण जिंकतो. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातले तर पाणी पसरतं, पण वाहत नाही. नमुना उत्तरेला कलता करून वाहवणं सोपं आहे, पण मग तो उतार आपण दिलेला असतो, जमिनीचा नसतो. तो मार्ग बंद.

म्हणून काम वाटून दिलं. कड्यावर पाणी, पठारावर पेन्सिल. टोपोशीटवरच्या ठिकठिकाणच्या उंच्या वाचून मुलांनी उताराचे बाण काढायचे, प्रत्येक बाण समोच्च रेषेला काटकोनात. जोडीला रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्या : प्रत्येकीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गावाला जाताना-येताना इंदूर, देवास, उज्जैन, महू या पाट्यांचे आकडे टिपून आणायला सांगितलं. इंदूर साधारण ५५० मीटर आणि उज्जैन ४९० च्या आसपास, म्हणजे पन्नास किलोमीटरला साठेक मीटरचा उतार. डोळ्याला दिसत नाही, पण नदीला पुरतो.

१९ ऑगस्ट

पाठ वर्गात घेतला. दोन सलग तास लागतात, एकात गुंडाळू नये. क्रम असा बसला :

पहिली पाच मिनिटं फक्त प्रश्न. जानापावच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब कोणत्या समुद्राला जाईल? हात वर करून मत घ्यायचं आणि आकडे फळ्यावर लिहून ठेवायचे. बहुतेक हात अरबी समुद्राला पडतात, कारण भिंतीवरच्या नकाशात तो जवळ दिसतो.

मग नमुना. पाणी फवारायचं, बाण काढायचे, आणि ज्या रेषेवर बाणांची तोंडं फिरतात तिथे लाल लोकर चिकटवायची. हीच जलविभाजक रेषा. जानापावपाशी ती माथ्यावर असते, पण पूर्वेला सरकताना कड्याच्या काठाकाठाने जवळजवळ सपाट रानातून जाते. जलविभाजक म्हणजे डोंगराची धार, ही पुस्तकातल्या आकृतीने दिलेली समजूत इथे तुटते आणि ती तुटावी म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. जानापावला साडेसात नद्या निघतात असं या भागात म्हणतात. त्यांतली चंबळ आणि गंभीर उत्तरेला लावायची, चोरल आणि कारम दक्षिणेला. एकाच डोंगराच्या नद्या लोकरीच्या दोन बाजूंना पडतात.

दुसऱ्या तासाला अॅटलास आणि दोरा. चंबळ, यमुना, गंगा असा थेंबाचा रस्ता दोऱ्याने मोजायचा आणि शेजारी नर्मदेचा दोरा ठेवायचा. दोऱ्याचं माप नेहमी कमी येतं, कारण लहान प्रमाणाच्या नकाशात नदीची वळणं पुसलेली असतात. नर्मदेची छापील लांबी १३१२ किमी, तेव्हा फरक लगेच काढता येतो. तो फरक कार्यपत्रिकेत स्वतंत्र चौकटीत लिहून घ्यायचा.

शेवटी नळ. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किमीवरून, विंध्य चढवून आणलं जातं. नदी दीडशे मीटरच्या आसपास आणि शहर साडेपाचशेवर, तेव्हा उचल किमान ४०० मीटर धरायची. गणित नववीच्या विज्ञानातलंच : १००० किलो × ९.८ × ४०० = ३९,२०,००० ज्यूल. एक युनिट ३६,००,००० ज्यूलचं. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे, पंप अगदी बिनचूक चालला तरी, १.०९ युनिट वीज. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली की दीड युनिटाच्या वर. घरच्या टाकीचं माप विचारून प्रत्येकाने आपल्या घराचा आकडा काढायचा.

इथे वर्ग सर्वांत जास्त बोलला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग क्षिप्रेतही नर्मदा आहे का?" आहे, २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड सुरू झाली आणि नर्मदेचं पाणी उचलून क्षिप्रेच्या उगमाकडे उज्जैनी गावाजवळ सोडलं जातं. म्हणजे लाल लोकर माणसाने नळाने ओलांडली. हा प्रश्न पुढच्या वेळी वर्गातून आला नाही तर शिक्षकांनी विचारायचा.

३० ऑगस्ट

मंडीचा पाठ सध्या बाजूला. चोइथराम मंडीत माल कुठून येतो हे मुलांनी विचारून आणायचं होतं. पण मिळते ती ऐकीव माहिती, आणि "बाहेरून" हे उत्तर नकाशावर ठेवता येत नाही. गोणीवरचे शिक्के आणि ट्रकच्या नंबरप्लेटी टिपायची कल्पना आली. नंबरप्लेट गाडी कुठे नोंदवली ते सांगते, बटाटा कुठला ते नाही. ताडून पाहता येईल असा आकडा निघत नाही तोवर हा पाठ संचात नको. चारच ठेवू.

१३ सप्टेंबर

सावलीचं साधन. विषुवदिनाला मध्यान्ही सूर्याचा शिरोबिंदूपासूनचा (थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनचा) कोन म्हणजे आपलं अक्षांश. १ मीटर उंचीच्या काठीची सावली इंदूरला ४१.९ सेंमी यायला हवी. उज्जैनला ४२.८. दोन शहरांत फरक ९ मिमीचा! सगळी रचना या ९ मिलिमीटरभोवती करावी लागते.

साध्या काठीचे दोष पाहिले. एक, टोकाची सावली धूसर असते. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे, म्हणून टोकापाशी जवळजवळ १ सेंमीचा फिकट पट्टा पडतो. तेवढ्यातच इंदूरचं उज्जैन होतं. दोन, मुलं काठी गुण्या लावून फरशीशी काटकोनात उभी करतात. शाळेच्या अंगणाला पाणी निघून जायला शंभरात एक असा उतार असतो. काठी तेवढी, म्हणजे ०.६ अंश कलते, आणि ती चूक जशीच्या तशी अक्षांशात उतरते.

दोन्हींवर एकच उपाय निघाला : काठीऐवजी भोक. पाच लिटरचा रंगाचा रिकामा डबा वाळूने भरून त्यात ८ मिमीची सळई रोवायची. वरच्या टोकाला उत्तरेकडे २० सेंमी आडवी पट्टी आणि तिच्या टोकाला पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा, जमिनीला समांतर. पुठ्ठ्यात ५ मिमीचं भोक. भोकातून दोरा सोडून खाली मोठा नट बांधायचा, हा झाला ओळंबा. नट जिथे टेकतो तो पायाचा बिंदू. दोऱ्यावर मोजलेली उंची १०० सेंमी येईपर्यंत पुठ्ठा वर-खाली करायचा. मग दोरा काढून घ्यायचा. आता सळई तिरकी असली तरी बिघडत नाही, कारण मोजमाप फक्त भोक आणि पायाचा बिंदू यांच्यातलं आहे. पुठ्ठ्याच्या सावलीत प्रकाशाचा दीड सेंमीचा स्वच्छ ठिपका पडतो आणि त्याचा मध्य २ मिमीच्या आत खूण करता येतो.

ओळंबा वाऱ्याने हलतो. दप्तरं आडोशाला लावून तो थांबायची वाट पाहायची. उंची पायाच्या बिंदूपासूनच घ्यायची, डब्याच्या झाकणापासून नाही. हे प्रत्येक गटाला दाखवून द्यावं लागतं. आणि सूर्याकडे भोकातून कोणीही पाहायचं नाही, ही सूचना कार्यपत्रिकेच्या पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात.

आज ठिपका ३४ सेंमीवर आला; तसाच यायला हवा, कारण सूर्य अजून ४ अंश उत्तरेला आहे. या दिवसांत सावली रोज ८ मिमी वाढते. २३ ला ढग आले तर दुसऱ्या दिवशी मोजून आलेल्या कोनातून ०.४ अंश वजा करायचे. पाठ पुढे ढकलायचा नाही.

२३ सप्टेंबर

मोजमाप झालं. मध्यान्ह कधी, हे घड्याळावरून घ्यायचं नाही, वर्तुळांवरून काढायचं. पायाच्या बिंदूभोवती खडूने ५०, ५५ आणि ६० सेंमी त्रिज्येची वर्तुळं. सकाळी ठिपका आत येताना ज्या वेळी वर्तुळाला शिवतो ती वेळ टिपायची, दुपारी बाहेर जाताना शिवतो ती टिपायची. दोहोंचा मध्य म्हणजे स्थानिक मध्यान्ह. शिवण्याच्या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. दिशा काढायची ही रीत शुल्बसूत्रांइतकी जुनी आहे आणि उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र (सावली मोजायची उभी काठी) आजही पाहायला मिळतं.

वेळा साधारण अशा : ६० चं वर्तुळ १०.५३ आणि १.४५, ५५ चं ११.०६ आणि १.३२; ५० चं ११.२२ आणि १.१६. तिन्हींचा मध्य १२.१९. एखाद्या गटाला दुपारची वेळ सापडली नाही तरी उरलेल्या वर्तुळांवर काम भागतं, म्हणून तीन काढायची. ठिपका ५५ वरून ५० वर यायला सोळा मिनिटं लागतात, म्हणजे सेंटिमीटरला तीन मिनिटं. तेव्हा सकाळी ठिपक्याची जी कड धरली तीच, पायाच्या बिंदूकडची की पलीकडची, दुपारी धरायची. सकाळी एक आणि दुपारी दुसरी धरली की मध्य दोन मिनिटांनी सरकतो.

मधल्या सुट्टीत अंगणात गर्दी होते आणि खडूची वर्तुळं पुसली जातात. पायाचा बिंदू आणि पूर्व-पश्चिम रेषा ऑइल पेंटने पक्की केली आहे. डिसेंबरला लागेल.

२५ सप्टेंबर

आकडेमोडीचा तास. अक्षांश : आलेख कागदावर १:५ प्रमाणाने उभी रेषा २० सेंमी, आडवी ८.४ सेंमी, तिरकी जोडायची, वरच्या टोकाचा कोन मोजायचा. पेन्सिल बोथट असेल तर अर्धा अंश तिथेच जातो.

रेखांश : १२.१९ मध्ये त्या दिवशीची सूर्य-घड्याळातली तफावत साडेसात मिनिटं मिळवायची (हा आकडा तक्त्यातून द्यायचा, त्याचं कारण नववीला नको), येतात १२.२६½. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तावर, ८२°३०′ वर, ते १२ ला झालं असतं. साडेसव्वीस मिनिटं भागिले ४, म्हणजे ६.६ अंश पश्चिमेला. ८२.५ वजा ६.६ बरोबर ७५.९. अॅटलासात इंदूर ७५.८६. फळ्यावर हा आकडा उतरला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या मुलांच्या हक्काच्या होत्या.

त्यानंतर मुद्दाम चुकीची वाचनं दिली, कारण शोधायला. एका गटाने घड्याळात १२ वाजता सावली मोजली : ४२.८ सेंमी, अक्षांश २३.२. म्हणजे एकोणीस मिनिटांच्या घाईने शाळा उज्जैनला गेली. दुसऱ्याचं भोक ९८ सेंमीवर होतं पण १०० धरलं : सावली ४१, अक्षांश २२.३, म्हणजे शाळा पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला, विंध्य उतरून नर्मदेच्या पट्टीत. एक अंश म्हणजे १११ किमी, एवढं सांगितलं की मुलं चूक किलोमीटरमध्ये बोलायला लागतात. अंशातली चूक कोणाला बोचत नाही, पन्नास किलोमीटरची बोचते.

८ ऑक्टोबर

गुणदान. दहापैकी निरीक्षणाच्या नोंदीला ३, आकडेमोडीला २, फरकाच्या कारणाला ५. बरोबर उत्तराला वेगळे गुण नाहीत. ते ठेवले की मुलं अॅटलासात आधी बघून सावली तेवढीच लिहितात. आठही गटांची ४१.९ आली तर समजावं की कोणीच मोजलं नाही. कारण लिहिताना "मानवी चूक" या शब्दाला शून्य. कुठली वस्तू, कुठल्या दिशेने, किती सरकली, हे हवं.

१० नोव्हेंबर

काळी माती. थोडक्यात. अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी नळीत, १० सेंमी लांब, शिऱ्याएवढी घट्ट कालवलेली माती भरून सावलीत सुकवायची. नळीला आतून तेल लावलं नाही तर माती कडांना धरून बसते आणि मधोमध तडकते. मग आकसलेली लांबी मोजता येत नाही. शेजारी तसाच नदीकाठच्या वाळूमिश्र मातीचा नमुना. दोन्हींची लांबी रोज पट्टीने. दुसरीकडे काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, हलवून ठेवायचं : वाळू मिनिटभरात बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकण दुसऱ्या दिवशीही पाण्यात गढूळ दिसते. गढूळ उरतं त्याच भागामुळे रानाला भेगा पडतात, हे दोन्ही नमुने शेजारी ठेवल्यावर मुलांना जोडता येतं. सुकायला थंडीत आठवडा धरावा.

२२ डिसेंबर

सप्टेंबरच्याच पायाच्या बिंदूवर, त्याच साधनाने. मध्यान्ह १२.२५ च्या सुमारास. ठिपका १०४ सेंमीवर. अंगण उत्तरेला सव्वा मीटर तरी मोकळं लागतं; आज तिथे सायकली लावलेल्या होत्या, आधी हलवाव्या लागल्या. तिरप्या उन्हात ठिपका लंबगोल होतो, दोन सेंमीहून लांब. त्याची दोन्ही टोकं खूण करून मध्य घ्यायचा, डोळ्याच्या अंदाजाने नाही. आकृती यावेळी १:१० प्रमाणाने, नाहीतर कागदावर मावत नाही.

कोन ४६.२ येतो. सप्टेंबरचे २२.७ वजा केले की २३.५; पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे, तो शाळेच्या अंगणात मोजला गेला. मुलांच्या आकड्यांत अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक पडतो, कारण दोन्ही दिवसांच्या चुका या वजाबाकीत एकत्र होतात. जुलैपासून फळ्यावर असलेल्या इंदूर-डोंगला-ग्वाल्हेरच्या प्रश्नाचं उत्तर गटांनी आज लिहून दिलं. वह्या तपासायच्या आहेत. संचाच्या पेटीत आता डबा, सळई, पट्टी, भोकाचे दोन जादा पुठ्ठे, दोरा, नट आणि सप्टेंबर-डिसेंबरचा तफावतीचा तक्ता ठेवला आहे. नमुना पेटीत मावत नाही. तो प्रयोगशाळेच्या कपाटावर, भिंतीच्या ओलीपासून हातभर लांब.